माऊस अडखळला तर आधी नोंद वाचा

जुलैचा शेवटचा आठवडा कडा गावातल्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यांची परीक्षा घेतो. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला आणि आष्टी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून माणसं सातबारा, आधार, पासबुक आणि पेरणीचं घोषणापत्र घेऊन सकाळपासून माझ्या फॉर्म भरण्याच्या दुकानाच्या पायरीवर बसू लागली. नेमका त्याच दिवसांत माझ्या संगणकाचा माऊस मधूनच मरायला लागला. बाण पडद्यावर जागच्या जागी थिजायचा, थोड्या वेळानं पुन्हा हलायचा, आणि मधल्या वेळात मारलेली क्लिक गेली कुठे ते कळायचं नाही.

माऊस स्वस्त असतो, बदलून टाकावा, असं कुणीही म्हणेल. पण विम्याच्या फॉर्मवर माऊस दगा देतो तेव्हा माऊसच्या किमतीचा प्रश्न उरत नाही. क्षेत्राच्या चौकटीत आकडा भरला आणि बाण तिथेच असताना चाक जरा सरकलं, तर काही ब्राउझरमध्ये तो आकडा आपोआप कमीजास्त होतो. ‘पुढे जा’वरची एक क्लिक दोनदा लागली तर मधलं पान न वाचताच मागे पडतं. समोर बसलेल्या आबांना पडद्यावरचं बारीक अक्षर दिसत नाही. चूक उघडी पडते ती भरपाईच्या वेळी, आणि तेव्हा कुणाच्याच हातात काही राहत नाही.

माझ्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे. विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले. जुन्या मशिनला त्यापुढचं विंडोज झेपत नव्हतं आणि लोकांचे आधार क्रमांक असुरक्षित संगणकावरून पाठवणं मला पटत नव्हतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चीही मुदत संपली, म्हणजे माझ्यासारखे आणखी बरेच जण आता या बाजूला येणार. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माऊस अडखळला की जो तो त्यांना एकच सल्ला देणार: लिनक्स काढा, विंडोज टाका. मलाही तोच मिळाला. एका दुरुस्तीवाल्यानं तर संगणकाला हात लावण्याआधीच निदान सांगून टाकलं.

लिनक्सचा मोठा गुण असा की यूएसबीच्या पोर्टवर काय काय घडलं त्याची कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, वेळेसकट नोंद ठेवतो. टर्मिनल उघडायचं (कंट्रोल, ऑल्ट आणि टी), ‘सुडो’ लिहून जागा सोडून डी-एम-ई-एस-जी ही पाच इंग्रजी अक्षरं लिहायची, पुढे पुन्हा जागा सोडून वजाचं चिन्ह देऊन लहान डब्ल्यू आणि मोठा टी जोडायचा आणि एंटर दाबायचं. मग ती खिडकी उघडी ठेवून नेहमीचं काम करत राहायचं. माऊस थिजला की लगेच तिथे बघायचं. नवी ओळ उमटली की नाही, यावरच पुढचा सगळा तपास ठरतो.

माझ्याकडे ओळ उमटली. ‘यूएसबी डिस्कनेक्ट’, आणि पाठोपाठ ‘न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस’, दर वेळी एकानं वाढलेल्या नव्या क्रमांकासह. म्हणजे बाण गोठत नव्हता, माऊस खरोखरच तुटून पुन्हा जोडला जात होता. अधूनमधून वजा 71 ही चूकही दिसे. वजा 71 म्हणजे माऊस आणि संगणक यांच्यातलं बोलणं अर्धवट पोचलं. वजा 110 दिसलं तर समोरून वेळेत उत्तरच आलं नाही असं समजायचं. दोन्ही आकडे बहुधा वायर, पोर्ट किंवा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवतात. ते दिसल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा टाकण्यात वेळ घालवणं व्यर्थ आहे.

मी आधी मधली एक्स्टेंशन वायर काढली. साधा माऊस यूएसबीवर सेकंदाला 1.5 मेगाबिट या सगळ्यात कमी वेगानं बोलतो आणि त्या वेगासाठी वायरीची मर्यादा 3 मीटर आहे. टेबल एकीकडे आणि सीपीयू दुसरीकडे ठेवून लांबच लांब जोडवायर लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती सोडायला हवी. मग माऊस पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टमध्ये लावला. पुढची पोर्टं आतल्या वेगळ्या वायरीनं मदरबोर्डला जोडलेली असतात, आणि धूळ बसून किंवा रोजच्या काढघालीनं तीच आधी सैल होतात. एका वेळी एकच बदल करायचा आणि मध्ये काम करून बघायचं, हे पथ्य मी कटाक्षानं पाळलं. सगळं एकदम बदललं की माऊस सुधारतो, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तो परत येतो.

वजा 71 थांबलं, तरी माऊस तुटणं पूर्ण थांबेना. मग एक वेगळीच ओळ नजरेस पडली: ‘डिसेबल्ड बाय हब, ईएमआय?, री-एनेबलिंग’. हबनं पोर्ट बंद केलं, विद्युतचुंबकीय गोंगाट असावा का, पुन्हा चालू करतो आहे, असा तिचा अर्थ. प्रश्नचिन्ह कर्नल लिहिणाऱ्यांनीच ठेवलं आहे, कारण संगणकाला आतून तेवढाच अंदाज करता येतो. बाहेरचा गोंगाट शोधणं आपलं काम. मी वेळा पाहिल्या. सगळ्या ओळी दिवसाच्या होत्या, आणि शेजारचं वेल्डिंगचं दुकान बंद असे तेव्हा एकही नव्हती. तिथल्या वेल्डिंगवाल्यांना हाक मारली, “दादा, जरा दोन टाके मारता का?” त्यांनी होल्डर टेकवला आणि माझ्या पडद्यावर ती ओळ उमटली.

दादांचा यात काडीचाही दोष नाही. वेल्डिंगनं लाइनवर झटके येणारच. ते मुरवायला संगणकाला अर्थिंग लागतं, आणि माझ्या गाळ्यातल्या बोर्डाला ते नावापुरतंच होतं. ही गोष्ट माऊसपेक्षा किती तरी मोठी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात, गोंगाट गाळणारे छोटे कॅपॅसिटर असतात, ते तो गोंगाट कॅबिनेटच्या पत्र्यात आणि तिथून अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो. त्याला हात लागला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर मिणमिणतो. कितीतरी दुकानांत, शाळांत आणि घरांत हे रोज घडतं आणि ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडून दिलं जातं. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात घालणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की हे करू नका. त्या पिनेवर माणसाचा जीव अवलंबून असतो.

परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंगचा खड्डा नव्यानं भरून घेतला. आपल्या भागात पाऊस कमी. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो आणि चांगलं अर्थिंगही कुचकामी होतं. म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. दुकानातल्या माणसाला ते काम नेमून द्या. खड्डा भरून घेतल्यापासून माझ्या नोंदीत ती प्रश्नचिन्हाची ओळ आलेली नाही.

आता दुसरा प्रकार, जिथे नोंदीत काहीच उमटत नाही. धानोऱ्याच्या एका गुरुजींचा लॅपटॉप असा आला. थोडा वेळ माऊसला हात लावला नाही की बाण झोपायचा. हलवून उठायचा नाही, क्लिक केल्यावर उठायचा. ही वीजबचतीची खूण. कर्नल स्वतःहून माऊसला सहसा झोपवत नाही, पण वीजपुरवठ्याचा भरवसा नसलेल्या गावात बॅटरी पुरावी म्हणून लोक पॉवरटॉप नावाचं साधन टाकतात आणि त्याची ‘ऑटो-ट्यून’ सोय सगळ्याच यूएसबी उपकरणांना झोपेची परवानगी देऊन टाकते. ती सोय सुरुवातीलाच आपोआप चालू होत असेल तर तेवढी काढा. बाकीची बचत राहू द्या.

तिसरा प्रकार क्लिक दोनदा लागण्याचा. तो बटणाखालच्या झिजलेल्या स्विचचा दोष. लिनक्समध्ये माऊसचे इशारे सांभाळणारं लिबइनपुट अशा थरथरत्या क्लिका काही प्रमाणात गाळतं, पण झीज वाढली की त्याचाही इलाज चालत नाही. तेव्हा मात्र खुशाल नवा माऊस घ्या. बिनवायरचा घ्यायचा असेल तर त्याचं बोटाएवढं रिसीव्हर निळ्या यूएसबी 3 पोर्टात किंवा तिथल्या हार्ड डिस्कजवळ खोचू नका. यूएसबी 3 चा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो आणि बाण उड्या मारतो. छोट्या जोडवायरीनं रिसीव्हर थोडं दूर नेलं तरी पुरतं.

लिनक्स कधीच दोषी नसतं असं मी म्हणणार नाही. काही स्वस्त ऑप्टिकल माऊस असे आहेत की त्यांची सतत विचारपूस झाली नाही तर ते स्वतःच ठरावीक वेळानं तुटतात. कर्नलमध्ये अशा माऊसची यादी असते आणि तिच्यात भर पडत राहते. म्हणून सिस्टीम अपडेट ठेवा. दोष मशिनचा की आपल्या सेटिंगचा, हे ओळखायला पेन ड्राइव्हवर मिंट टाकून त्यावरूनच संगणक सुरू करा. तिथेही माऊस तसाच वागला तर तुमच्या सेटिंगला हात लावू नका. टर्मिनलची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून आणि फुकट आहेत.

फॉर्म भरणाऱ्या सगळ्या भावाबहिणींना एकच मागणं आहे. माऊस संशयास्पद वाटला त्या दिवशी तो बाजूला ठेवा. टॅबनं पुढची चौकट, शिफ्ट आणि टॅबनं मागची, बाणांच्या कळांनी यादी, स्पेसनं खूण. बहुतेक फॉर्म एवढ्यावर भरता येतो. बाण लागलाच तर ॲक्सेसिबिलिटीत ‘माऊस कीज’ चालू करून नंबर पॅडवरून हलवा. आणि अर्ज सादर करण्याआधी गट नंबर, पीक आणि क्षेत्र समोरच्या शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवा.