कीडविषयक माहिती ताजी राहावी म्हणून : शास्त्रज्ञांनी स्वतः चालवायची संकेतस्थळे

सन २०१८ मध्ये कर्नाटकातील मक्यावर अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथमच आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. त्या वेळी पहिला प्रश्न ओळखीचा होता. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी फिकट खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या खंडावर चौरसात मांडलेले चार काळे ठिपके, ही या अळीची लक्षणे होत. अशी माहिती शेतापर्यंत काही दिवसांत पोहोचली तरच उपयोगी पडते. संकेतस्थळावरील प्रत्येक बदल संगणक विभागाच्या रांगेत थांबत असेल, तर तोपर्यंत अळी पोंग्यात शिरलेली असते.

व्यवस्थेचे स्वरूप

यावरचा उपाय म्हणजे शास्त्रज्ञ व कर्मचाऱ्यांना स्वतः पाने तयार करता येतील असा सामाईक मंच. सर्व्हर, सुरक्षा, बॅकअप आणि पानांचे साचे संस्था सांभाळते. मजकूर व छायाचित्रे विषयतज्ज्ञ भरतो. त्यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या मंचावर अनेक जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे याच तत्त्वावर चालतात. बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो (स्थापना १९९३, सध्याचे नाव २०१४ पासून) या संस्थेनेही शेतीतील किडी व त्यांचे नैसर्गिक शत्रू यांची सचित्र माहिती संकेतस्थळावर उपलब्ध केली आहे. वर्गीकरणतज्ज्ञाचे ज्ञान थेट वाचकापर्यंत नेणे, हा अशा पानांचा खरा लाभ होय.

स्वातंत्र्याबरोबर येणारी जबाबदारी

पान तयार करणे सोपे झाले की ते विसरणेही सोपे होते. डायकोफॉल या कोळीनाशकावर २०२३ मध्ये बंदी आली. त्याची शिफारस करणारे जुने पान आजही उघडत असेल, तर ते शेतकऱ्याची दिशाभूल करते. दुसरा धोका खासगी खात्यांचा. पासवर्ड एकाच व्यक्तीकडे असेल, तर बदली किंवा निवृत्तीनंतर ते पान सुधारता येत नाही आणि हटवताही येत नाही. म्हणून पुढील शिस्त आवश्यक आहे.

१. प्रत्येक पानावर लेखकाचे नाव, पद आणि शेवटच्या तपासणीचा दिनांक असावा.

२. किडीची ओळख आणि फवारणीची शिफारस स्वतंत्र पानांवर द्यावी. ओळख सहसा टिकून राहते. शिफारस मात्र लेबल दाव्यानुसार बदलते. ती प्रत्येक हंगामापूर्वी तपासावी.

३. शिफारशीचे पान दुसऱ्या तज्ज्ञाने वाचल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

४. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फाँटमधील मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि अनेक मोबाइलवर वाचताही येत नाही.

५. छायाचित्राखाली पीक, किडीची अवस्था व ठिकाण लिहावे. दृष्टिहीन वाचकांसाठी चित्राचे शब्दांत वर्णन जोडावे. मंद इंटरनेटवरही उघडेल इतकेच चित्र मोठे ठेवावे.

६. संस्थेच्या डोमेनवर प्रत्येक पानाचे किमान दोन जबाबदार व्यवस्थापक असावेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गटात माहिती पाठवताना पानाचा स्क्रीनशॉट न देता दुवा द्यावा. पानात दुरुस्ती झाली की दुव्यावरून नवीन मजकूर दिसतो. स्क्रीनशॉट मात्र जुनाच फिरत राहतो. दिनांक किंवा लेखक नसलेल्या पानावरील मात्रा शेतकऱ्यास सांगू नये. जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून खात्री करून घ्यावी. पानातील वर्णन शेतातील किडीशी जुळत नसल्यास स्पष्ट छायाचित्र, पीक, गाव व दिनांक यांसह लेखकास कळवावे. पाने शास्त्रज्ञांच्या हाती असली, तरी त्यांतील उणीव प्रथम शेतातच दिसते. अशी नोंद वेळेत पोहोचली, तर दुरुस्ती त्याच हंगामात होऊ शकते.