मान कसा द्यावा?

वाशीम जिल्ह्यास लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदरा आहे. तेथे व्याघ्रप्रकल्पापायी ८४ गावांतील आदिवासींवर उठून जाण्याची पाळी आली, तेव्हा सिंधुताई सपकाळ ह्यांनी त्यांचा कैवार घेतला. नवऱ्याने टाकलेल्या ह्या बाईने भीक मागून अनाथ लेकरे पोसली. आपपरभाव मनात शिरू नये म्हणून पोटची मुलगी दुसऱ्यांच्या हवाली केली. भारत सरकारने त्यांस २०२१ साली पद्मश्री दिली. ४ जानेवारी २०२२ रोजी त्या निवर्तल्या.

हार घातल्याने आपले कर्तव्य संपत नाही. ज्यास मान द्यावा, त्याच्या कामाचा थोडा भार आपणही उचलावा. तर सांगा: आपल्या गावात निराधार कोण आहे, आणि त्याच्याकरिता अधिकाऱ्यापुढे कोण बोलेल?