पुन्हा बोलावणं येतं का?

बारावीचे निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : "मुलगा ड्रम्स छान वाजवतो हो, पण यात पोट भरेल का?" भरतं, सगळ्यांचं नाही, आणि पहिली काही वर्षं तर बहुतेकांचं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. पण ज्यांचं भरतं त्यांच्याकडे नीट पाहा. त्यांचे हात शहरात सगळ्यांत जलद असतीलच असं नाही. त्यांना ज्याने एकदा बोलावलं तो पुन्हा बोलावतो, एवढं मात्र नक्की. दौऱ्यावर जाणाऱ्या ड्रमरची सगळी कमाई त्या दुसऱ्या फोनवर उभी असते. म्हणून "याच्यात टॅलेंट आहे का?" यापेक्षा "याला पुन्हा बोलावतील का?" हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

महाराष्ट्रातल्या ड्रमरचं वर्ष सणावारांच्या हिशोबाने चालतं. गणपती, नवरात्रातला दांडिया, दिवाळी पहाट, मग लग्नाचे मुहूर्त, कॉलेजांचे फेस्टिव्हल, थर्टीफर्स्ट. या दिवसांत सकाळी पुण्यात आणि रात्री पनवेलला वाजवण्याचीही वेळ येते. पावसाळ्यात आणि पितृपक्षात डायरी कोरी. मोकळ्या मैदानावर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर. त्यामुळे कार्यक्रम लवकर सुरू होतो, साउंड चेक भर दुपारी होतो आणि घरातून पहाटेच निघावं लागतं. वाजवायचं तीन तास, बाकीचा दिवस प्रवासात, सामान चढवण्या-उतरवण्यात आणि वाट पाहण्यात जातो. त्या वेळात चिडचिड न करणारा, सहकाऱ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस बँडला हवा असतो. पालकांना हे किरकोळ वाटतं, पण बँडलीडर नावांची यादी करताना पहिली काट इथेच मारतो.

प्रत्यक्ष काम कसं असतं ते बघा. समजा, बुधवारी संध्याकाळी फोन आला : शुक्रवारी नाशिकला कालिदास कलामंदिरात शो आहे, नेहमीचा ड्रमर आजारी आहे, बदली येशील का? गाणी 26. रिहर्सल नाही, साउंड चेकला जेमतेम चार गाणी होतील. अशा वेळी कामाला येणारा मुलगा त्या रात्री ड्रमसेटला हातही लावत नाही. तो कानाला हेडफोन लावून वही घेऊन बसतो. प्रत्येक गाण्याला अर्धं पान. वर टेम्पो, 96. खाली : इंट्रो चार बार, हाय-हॅट बंद. मुखडा दोनदा. पहिल्या पीसमध्ये सहाव्या बारला स्टॉप, बासरी एकटी, मग टॉमवरून फिल घेऊन आत. अंतऱ्यात नुसती क्रॉस-स्टिक. शेवटी मुखड्याची ओळ तीनदा आणि कट. शुक्रवारी गायिका ऐन वेळी म्हणते, "दादा, हे जरा बसवून घेऊ या." तो 96 खोडून 92 करतो आणि गाणं संपेपर्यंत 92 वरच राहतो. टाळ्या गायिकेला मिळतात. पुढच्या आठवड्यात फोन याला येतो.

मोठ्या शोमध्ये जबाबदारी आणखी वाढते. कानातल्या इन-इअरमध्ये क्लिक चालू असतो आणि मागच्या एलईडी पडद्यावरची दृश्यं, आधी रेकॉर्ड केलेली व्हायोलिन्स, कोरस, सगळं त्या क्लिकला बांधलेलं असतं. तो ट्रॅक अनेकदा ड्रमरच सुरू करतो. तो एका बारने चुकला तर सावरायला जागा नसते. म्हणून रोजचा रियाज मेट्रोनोमबरोबर हवा, आणि तोही सावकाश. जलद लयीत पॅराडिडल वाजवणारी मुलं पुष्कळ दिसतात. 60 च्या लयीत साधा ठेका दहा मिनिटं न हलवता धरणारी फार थोडी, आणि ती माझ्या मते लांब जातात.

शिक्षणाबद्दल पालक फार गोंधळलेले असतात. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ड्रम्सच्या परीक्षा आपल्याकडे देता येतात, आठव्या ग्रेडपर्यंत. शोला बोलावताना ग्रेड कुणी विचारत नाही. पण नोटेशन वाचता येतं, आणि पुढे क्लास काढायचा झाला तर प्रमाणपत्र कामी येतं. कोऱ्या महिन्यांत शिकवण्यावरच अनेकांचं घर चालतं, म्हणून ग्रेडच्या परीक्षा द्याव्यात. आणि जमल्यास तबला शिकावा, हे मी आग्रहाने सांगेन. त्रिलोक गुर्टू 1951 साली मुंबईत जन्मले, ठुमरीगायिका शोभा गुर्टू त्यांच्या आई. तबल्याच्या पायावर त्यांनी ड्रम्सची स्वतःची मांडणी उभी केली आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांच्या त्रयीत जगभर वाजवलं. त्याच मॅक्लॉफलिन यांच्या फोर्थ डायमेन्शन बँडमध्ये पुढे मुंबईचे रणजित बारोट आले, कथक नृत्यांगना सितारादेवी यांचे चिरंजीव. दोघांच्याही घरात लय होती. ती विकत घेता येत नाही हे खरं, पण तालाचं शिक्षण आपल्याकडे गल्लोगल्ली आहे आणि इंग्रजी वाद्य शिकतोय म्हणून मुलं त्याकडे पाठ फिरवतात, याचं मला वाईट वाटतं.

एके काळी मुंबईत रेकॉर्डिंगवर ड्रमरची घरं चालत. आर. डी. बर्मन यांच्याकडे फ्रँको वाझ यांच्यासारखे वादक स्टुडिओत बसून वाजवत. पुढे रिदम मशीन आणि कॉम्प्युटर आले आणि ते काम आटलं. स्टेजवर मात्र माणूस लागतोच, शिवाय आता त्याला ऑक्टोपॅड आणि सॅम्पल पॅडही यावा लागतो. परदेश दौरेही आहेत. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम बहुतेक शनिवार-रविवारी असतात, मधले दिवस प्रवासात जातात. ड्रमसेट तिथे भाड्याने मिळतो. आपण न्यायचं ते सिंबल्स, स्नेअर आणि पेडल, तेही विमान कंपनीच्या वजनाच्या मर्यादेत. वाजवायला जायचं तर टुरिस्ट व्हिसा चालत नाही. आयोजक "तसंच या, काही होत नाही" म्हणाला, तर घरच्यांनी सरळ नको म्हणावं.

कानांची गोष्ट मी पहिल्याच भेटीत काढतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. ड्रमसेटवर बसलेल्याच्या कानाशी आवाज सहज तिथे पोचतो. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वादकांसाठीचे इअरप्लग वापरायचे. घरी रबरी प्रॅक्टिस पॅड किंवा जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट ठेवला, तर कानही वाचतात आणि सोसायटीतली भांडणंही.

पैशांचं बोलू. मानधन शोवर ठरतं, त्यामुळे शो रद्द झाला तर काय, हे आधी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्यावं. इव्हेंट कंपन्या बहुधा 10 टक्के टीडीएस कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरल्यावर ते पैसे परत मिळतात, आणि कित्येक वादक रिटर्न न भरता ते सोडून देतात. नियमित रिटर्न असतील तर उद्या घराच्या कर्जासाठी बँकेत उभं राहता येतं. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. या कारणासाठी बारावीनंतर बी.कॉम. करायला मी आवर्जून सांगतो. शो मुख्यतः संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी असतात, त्यामुळे दोन्ही जमतं, आणि हिशोब दुसऱ्याच्या हातात राहत नाही.

मुलगी ड्रमर व्हायचं म्हणत असेल तर वाजवण्याच्या बाबतीत वेगळं काहीच नाही. राहण्याची खोली स्वतंत्र आहे का, परतीची गाडी कुणाची, बँडबरोबर जबाबदार मॅनेजर कोण, हे आईवडिलांनी बँडलीडरला फोन करून विचारावं. चांगला लीडर या प्रश्नांनी दुखावत नाही. तो स्वतःहून मॅनेजरचा नंबर देतो. जो उडवाउडवीची उत्तरं देतो, त्याच्याबरोबर मुलीलाच काय, मुलालाही पाठवू नये.