उसाचे चिपाड आणि कारखान्याचा बाष्पक

जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातील अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. तेथे उसाची साखर होते, हे शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. परंतु साखर कारखान्यात रस आटविण्यास लागणारी उष्णताही उसापासूनच मिळते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

एक टन ऊस गाळला असता सुमारे २८० ते ३०० किलो ओले चिपाड उरते. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. हे चिपाड जाळून बाष्पकात, म्हणजे बॉयलरमध्ये, पाण्याची वाफ करतात. उघड्यावर पाण्याची वाफ झाली असता ती सुमारे १,६०० पट जागा व्यापते. बंद पात्रात तिला पसरण्यास वाव नसतो, म्हणून दाब वाढतो. ही वाफ प्रथम यंत्रे फिरविते व नंतर तिच्याच उष्णतेने रस आटतो.

बाष्पकाचे मुख्य प्रकार दोन आहेत.

१. अग्निनलिका बाष्पक : यात नळ्यांतून आगीचा तप्त धूर जातो व भोवती पाणी असते. स्नानाच्या पाण्याचा तांब्याचा बंब पाहिलेल्यास ही रचना सहज समजेल. कमी दाबाच्या लहान कामास हा प्रकार योग्य होय.

२. जलनलिका बाष्पक : यात नळ्यांतून पाणी वाहते व बाहेरून आग लागते. अरुंद नळ्या अधिक दाब सोसतात. म्हणून साखर कारखान्यांत बहुधा हाच प्रकार वापरतात.

बाष्पकातील पाणी फार खाली गेल्यास धातू तापून मऊ पडतो व दाबाने फुटतो. जड पाण्याने बंबात क्षारांचा थर बसतो, तसाच येथेही बसतो. त्यामुळे उष्णता पाण्यास न पोचता धातूच अति तापतो. म्हणून पाणी शुद्ध करूनच आत सोडतात. पातळी दाखविणारी काचनळी, दाबमापक व जादा वाफ सोडणारी सुरक्षा झडप यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. बाष्पकांची तपासणी कायद्याने आवश्यक आहे. १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे.

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस दोन गोष्टी समजावून द्याव्यात. ऊस तोडताना मुळ्या व माती काढून टाकावी. चिपाडाबरोबर गेलेली माती भट्टीत राख वाढविते व नळ्या झिजविते. तसेच, वाफेसाठी घरगुती बंब किंवा पिंप झाकण घट्ट लावून कधीही तापवू नये. ज्या भांड्यास सुरक्षा झडप नाही, त्यातील कोंडलेली वाफ प्राणघातक ठरू शकते.