पुस्तकं तुमची, खातं कुणाचं?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय 67. साताऱ्याचं घर विकून पुण्यात वन बीएचकेमध्ये राहायला जातो आहे. घरात साडेचारशेच्या आसपास पुस्तकं आहेत. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, ‘बाबा, ती देऊन टाका. मी किंडल घेतो आणि माझ्याच खात्यावर सुरू करून पाठवतो.’ पैसे अर्थात मी त्याला देणार. महिन्याला दोन पुस्तकं होतात माझी. यंत्राची किंमत किती वर्षांत वसूल होईल? ई-पुस्तकं पुढे नातीला मिळावीत म्हणून मृत्युपत्रात काय लिहावं? रद्दीवाला रविवारी येतो आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : हिशेब आधी उरकू. किंडल पेपरव्हाइटचं नवं मॉडेल एप्रिल 2025मध्ये भारतात 16,999 रुपयांना आलं. छापील प्रतीपेक्षा ई-पुस्तक शंभर रुपयांनी स्वस्त पडतं असं धरलं, तर 170 पुस्तकांनी किंमत निघते. तुमच्या वेगाने सात वर्षं. वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्याने हा हिशेब करूच नये.

पण तुमची अडचण सतरा हजारांची नाही. पुस्तकं रद्दीत घालायला हात धजत नाही, आणि कुणीतरी ‘घाला, काही बिघडत नाही’ म्हणावं असं वाटतं आहे. मी म्हणणार नाही.

मृत्युपत्राचं विचारलंत ते बरं केलंत, कारण फसगत तिथेच आहे. कपाटातलं पुस्तक तुमच्या मालकीचं आहे. ते विका, द्या, नातीच्या नावे लिहा. एकदा बाजारात आलेल्या प्रतीवर प्रकाशकाचा हक्क उरत नाही, हे कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 मध्येच आहे. ई-पुस्तकाचं तसं नाही. ‘बाय’चं बटण दाबलंत तरी अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की मजकूर विकलेला नाही, वाचायचा परवाना दिला आहे. तो परवाना दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून मृत्युपत्रातही घालता येत नाही. 2009मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. 2019मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले. ॲमेझॉनने पुढे पुस्तकं परत देऊ केली, मायक्रोसॉफ्टची मात्र गेली ती गेलीच.

एवढ्या लांबचंही नको. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. यजमान गेले, त्यांचा मोबाइल रिचार्जअभावी बंद झाला. त्यांच्या रीडरवर दोनशेच्या वर पुस्तकं होती, बाई रोज रात्री त्यातली वाचत. एके दिवशी स्क्रीनवर आडव्या रेघा आल्या. नवं यंत्र आणलं, तर त्याने पासवर्ड मागितला. तो यजमानांनाच ठाऊक. ओटीपी गेला बंद नंबरावर. कंपनीने मृत्यूचा दाखला मागून घेतला आणि खातं बंद केल्याचं कळवलं. बाई मला विचारत होत्या, ‘बिलं आहेत ना माझ्याकडे?’ होती. सगळी क्रमाने लावलेली.

तुमच्या बेतात तर खातंही तुमचं नाही. मुलाच्या खात्यावर घेतलेलं प्रत्येक पुस्तक मुलाचं. त्याचं खातं अडकलं, तर तुमचं वाचन थांबलं. शिवाय तुम्ही काय वाचता तेही त्याला दिसणार, पण तो घरचा मामला.

म्हणून खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाइलवर उघडा. पासवर्ड वहीत लिहा आणि वही कुठे आहे ते घरात सांगा. त्याहीआधी पुढे वाचायच्या दहा मराठी पुस्तकांची यादी करून ती किंडलच्या दुकानात मिळतात का ते शोधा. मराठी ई-पुस्तकं किंडलवर 2016पासून आहेत, तरी हवं ते नेमकं नसतं. दहातली पाच मिळाली नाहीत तर यंत्र घेऊ नका. स्कॅन केलेल्या पीडीएफवर भिस्त ठेवू नका. सात इंची पडद्यावर त्यातली जोडाक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. अक्षर मोठं करता येतं हा मोठा फायदा खरा, पण या वयात आधी मोतीबिंदू तपासून घ्या.

‘नो कॉस्ट ईएमआय’ : नको. व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येतं.

ई-पुस्तकाचं डिजिटल कुलूप तोडून प्रती काढून देणारे मित्र : त्यांच्या नादी लागू नका. कॉपीराइट कायद्याचं कलम 65अ वाचा, दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

फुकट वाचायचंच तर राजमार्ग आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मुक्त होतं. ह. ना. आपटे, गडकरी, साने गुरुजी सगळे मोकळे आहेत. मराठी विकिस्रोत उघडून पाहा. त्याला यंत्र लागत नाही, फोन पुरतो.

रद्दीवाल्याला आजच फोन करून नको म्हणा. नातीला द्यायची शंभरेक पुस्तकं बाजूला काढा, तिचं नाव आणि तारीख आतल्या पानावर शाईने घाला. वन बीएचकेत पलंगाखाली तेवढी जागा निघते. उरलेल्यांसाठी साताऱ्यातल्या वाचनालयाला विचारा. मात्र यादी करून न्या, पोती नेऊन टाकू नका.