अर्धी सुकडी

प्रस्तावना

खेड्यात घराला घर लागून असते. एखाद्या घरी मृत्यू झाला, की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारच्या घरांतून पिठले-भाकरी येते. दहाव्या दिवशी नदीकाठी दशक्रिया विधी होतो. त्या वेळी जमलेली माणसे गेलेल्या व्यक्तीविषयी दोन शब्द बोलतात. अशाच एका शेजारणीची आठवण या पाठात आली आहे.

मूळ पाठ

काकू गेल्याचे कळताच पहाटेच सारी आळी अंगणात जमली. कोणी कोणाला बोलावले नव्हते. एकाने बांबू आणले, दुसऱ्याने सुतळी आणली, कोणी गोवऱ्या गाडीत भरल्या. भजनी मंडळाने टाळ-मृदंग घेतले.

पलीकडच्या घरचे आप्पा मात्र आपल्या दाराशीच उभे होते. शेताच्या बांधावरून त्या दोन घरांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. तिरडी उचलण्याची वेळ झाली, तेव्हा ते पुढे आले. काकूंचा मुलगा हातात मडके धरून उभा होता. त्याने मागे वळून पाहिले आणि नुसती मान हलवली. आप्पांनी खांदा दिला.

दहाव्याला भाषणे झाली. ‘प्रेमळ’, ‘धार्मिक’, ‘मनमिळाऊ’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले. ते खोटे नव्हते. पण प्रत्येक दहाव्याला तेच कानी पडतात. शेवटी आप्पा उठले.

“मला बोलता येत नाही. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही दोन्ही घरची माणसं खडी फोडायला जात होतो. माझी आई तापानं पडली. तिची मजुरी बुडाली. तेव्हा वहिनी आपल्याला मिळालेल्या सुकडीतली अर्धी रोज आमच्या घरी आणून द्यायच्या. त्यांचीही दोन लेकरं उपाशी होती. त्यांनी हे कधी कोणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढं हातभर बांधासाठी मी त्यांच्याशी भांडलो. तेव्हा मला ती सुकडी आठवायला हवी होती.”

ते थांबले. मग काकूंच्या मुलाकडे पाहून म्हणाले, “बांध तू म्हणशील तिथं घाल.”

त्यानंतर कोणी भाषण केले नाही.

चला, समजून घेऊ या

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. तेथे सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ वाटला जाई. घरात धान्य नसताना त्यातील अर्धा वाटा देणे म्हणजे काय, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

इतर वक्त्यांनी काकूंचे गुण सांगितले. आप्पांनी एक प्रसंग सांगितला. विशेषण कोणालाही लावता येते, प्रसंग मात्र त्या एकाच माणसाचा असतो. शिवाय आप्पांनी स्वतःची चूकही झाकली नाही. म्हणूनच त्यांची श्रद्धांजली मनाला भिडते.

पाठगत प्रश्न

१. काकूंच्या मुलाने काहीही न बोलता काय सांगितले?
२. आप्पांनंतर कोणी भाषण का केले नसावे?
३. तुमच्या एखाद्या शेजाऱ्याविषयी, एकही विशेषण न वापरता, पाच वाक्ये लिहा.