तुरीवरील मर व झाडाची अंगची प्रतिकारशक्ती

तूर फुलोऱ्यात येऊन शेंगा धरू लागली की ओळीतील एखादे झाड पिवळे पडून मान टाकते. पाणी कमी पडले असे शेतकऱ्यास वाटते; परंतु जमिनीत ओल असते आणि शेजारची झाडे हिरवीगार उभी असतात. हा मर रोग होय. त्यास कारण होणाऱ्या फ्युजेरियम उडम या बुरशीचे वर्णन बटलर यांनी १९१० साली केले.

शिक्षकांनी असे झाड उपटून आणावे व बुंध्याशी स्वतः उभे चिरून विद्यार्थ्यांस दाखवावे. आतील लाकडात तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. निरोगी झाडात त्या नसतात. बुरशी मुळांतून शिरून पाणी वर नेणाऱ्या नलिका व्यापते, म्हणून पायाशी ओल असूनही झाड वाळते. तेथवर फवारा पोहोचत नाही.

काही वाण मात्र टिकतात. बुरशी शिरताच ते नलिकांत डिंकासारखा पदार्थ भरून तिची वाट अडवितात व तिला मारक द्रव्येही निर्माण करितात. हा गुण बियांतून उतरतो. संशोधन केंद्रांवर मुद्दाम रोगट राखलेल्या जमिनीत वाण पेरून, वाचलेल्या झाडांचे बी पुन्हा तेथेच पेरतात. कारण एकदा वाचलेले झाड केवळ योगायोगाने सुटलेले असू शकते. बदनापूरच्या मूळ वाणातून निवडलेली ‘मारुती’ तूर १९८६ साली कर्नाटकात प्रसृत झाली. बदनापूरचाच ‘बीएसएमआर ७३६’ हा वाण मर व वांझ या दोन्ही रोगांस तोंड देतो.

येथे एक अडचण आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात. शेजारच्या दुबळ्या तुरीचा पराग लागून घरचे बी वर्षानुवर्षे बिघडत जाते. यास्तव काही वर्षांनी शुद्ध बी आणणे भाग पडते.

पेरणीपूर्वी किलोभर बियांस सुमारे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. ही उपकारक बुरशी रोगबुरशीवर वाढतेच, शिवाय झाडाचा अंगचा प्रतिकारही जागा करते. ज्वारीत तूर पेरण्याच्या जुन्या पद्धतीनेही मर कमी होते. रोगट धसकटे मात्र वेचून जाळावीत. त्यांच्या आश्रयाने बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे जगते.

शाळेच्या वाफ्यात दोन वाणांच्या ओळी शेजारी पेरून फुलोऱ्यापासून दर आठवड्यास मेलेली झाडे मोजावीत. वाळवीने पोखरलेले झाडही तसेच वाळते. म्हणून खोड चिरून पाहिल्यावाचून मर अशी नोंद करू नये.